चंद्राला क्षय होत नाही

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात सव्विशीतला एक तरुण आईबरोबर आला. महिनाभर खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, सैल पडलेला सदरा. थुंकीचा अहवाल हातात होता : क्षयाचे जंतू सापडलेले. औषध आमच्याकडे मोफत मिळते, लगेच सुरू करता येते. मी कागद लिहायला घेतला तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘मॅडम, उद्या दिव्यांची आवस. आवसंला नवं औषध नको. ती सरू द्या, मग घेऊन येते त्याला.’’

बाहेर रांग होती. एका दिवसाने काय होते, असा विचार करून मी म्हणाले, ‘‘बरं मावशी, परवा या.’’

ती परवा आली नाही. अमावस्या सरली, श्रावण लागला. आधी सोमवार, मग पावसाने रस्ता बंद, मग नारळी पौर्णिमेला बहीण यायची म्हणून थांबणे. मुलगा आला तो अठराव्या दिवशी, थुंकीतून रक्त पडू लागल्यावर. मधल्या काळात तो दोन खोल्यांच्या घरात चार वर्षांच्या भाचीशेजारी खोकत होता. तिलाही तपासून प्रतिबंधक औषध सुरू करावे लागले. मुलगा आता बरा आहे, भाचीही ठणठणीत आहे. पण ते अठरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यातला पहिला दिवस त्या माउलीने मागितला हे खरे, पण तो दिला मी होता.

शासकीय रुग्णालयात पाव शतकाहून अधिक काळ काम करताना अमावस्येने असे अनेक दिवस खाल्लेले मी पाहिले आहेत. हर्नियाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते. घरी सोडलेला रुग्ण ‘आज नको’ म्हणून खाट अडवून बसतो. उलट अमावस्येआधी घरी न्यायचे म्हणून अर्धवट उपचारात नातेवाईक सही करून रुग्णाला नेतात. दरवेळी कारण एकच असते : अमावस्या वाईट, कारण त्या दिवशी चंद्र नसतो. म्हणून आज औषधांऐवजी चंद्राबद्दल लिहिते आहे.

योगायोग असा, की क्षय हा शब्दच चंद्राच्या गोष्टीत आहे. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या होत्या, म्हणजे सत्तावीस नक्षत्रे. चंद्र एकट्या रोहिणीवर लुब्ध झाला, म्हणून दक्षाने त्याला क्षयाचा शाप दिला. पुढे उःशाप मिळाला आणि चंद्र पंधरा दिवस झिजू लागला, पंधरा दिवस भरू लागला. आयुर्वेदात क्षयरोगाला राजयक्ष्मा म्हणतात, त्या नावामागेही हीच कथा सांगतात. कथा सुंदर आहे आणि तिच्यातले निरीक्षणही बारीक आहे. पण तिने आपल्या मनात एक समज पक्का केला : वद्य पक्षात चंद्राला काहीतरी होते, तो दुबळा होतो, अमावस्येला संपतो. प्रत्यक्षात चंद्राला काहीही होत नाही. बदलते ती आपली पाहण्याची जागा.

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. तो दिसतो तो सूर्याचा प्रकाश परतवतो म्हणून. तोही फार परतवत नाही. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १२ टक्के प्रकाश परत फिरतो, बाकीचा त्याची धूळ आणि खडक शोषून घेतात. म्हणजे चंद्र दिसतो तसा चांदीचा नाही. तो जुन्या, झिजलेल्या डांबरी रस्त्याच्या रंगाचा आहे. काळ्या आकाशात, रात्रीला सरावलेल्या डोळ्यांना तो पांढराशुभ्र भासतो इतकेच. कोजागरीला ज्याच्या चांदण्यात आपण दूध आटवतो, तो पूर्णचंद्रही सूर्याच्या सुमारे चार लाखांश तेजाचा असतो.

चंद्र हा एक गोल आहे. कोणत्याही गोलावर एका बाजूने प्रकाश पडला, की त्याचा अर्धा भाग उजळतो आणि अर्धा अंधारात राहतो. चंद्राचेही तसेच आहे. अष्टमी असो, पौर्णिमा असो की अमावस्या, त्याच्या एका अर्ध्या भागावर दिवस असतो आणि दुसऱ्यावर रात्र. ग्रहणाचे काही तास सोडले तर यात कधीही बदल होत नाही. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असताना त्या उजळ अर्ध्या भागापैकी किती भाग आपल्या बाजूला येतो, एवढेच रोज बदलते. त्यालाच आपण कला म्हणतो.

घरी करून पाहावे. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करून एका कोपऱ्यात एकच उघडा बल्ब लावा. हातात एक मोसंबी घ्या आणि हात लांब करून ती डोक्यापेक्षा किंचित वर धरा. बल्ब सूर्य, मोसंबी चंद्र आणि तुमचे डोके पृथ्वी. बल्बकडे तोंड करून मोसंबी त्याच्या दिशेला धरलीत तर तिची तुमच्याकडची बाजू काळी दिसेल. ही अमावस्या. आता हात तसाच ठेवून डावीकडे थोडे थोडे वळा. मोसंबीच्या उजव्या कडेला कोर उमटेल. पाव फेरी झाली की अर्धी मोसंबी उजळेल, ही अष्टमी. बल्बकडे पाठ झाली की सगळी मोसंबी उजळलेली दिसेल, ही पौर्णिमा. तसेच वळत राहिलात की वद्य पक्ष सुरू होईल आणि उजेड डाव्या बाजूला राहील. या साऱ्यात मोसंबीला काहीही झालेले नसते. फिरलात तुम्ही. मोसंबी डोक्याच्या रेषेत न धरता वर धरायला का सांगितले, तेही पुढे येईल.

या प्रयोगातली काळ्या बाजूची मोसंबी मागून पाहिली तर? ती लख्ख उजळलेली असते. अमावस्येच्या दिवशी चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर भर दुपार असते. चंद्र ‘नसतो’ असे आपण ज्या दिवशी म्हणतो, त्या दिवशी तो सूर्याबरोबर उगवतो, दिवसभर आपल्या डोक्यावरून जातो आणि सूर्याबरोबरच मावळतो. प्रखर उजेडात आणि पाठमोरा असल्यामुळे तो दिसत नाही.

चंद्राच्या वेळा ध्यानात घेतल्या की हे आणखी पटते. शुद्ध अष्टमीच्या सुमारास तो दुपारी उगवतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. पौर्णिमेला सूर्य मावळताना उगवतो. वद्य अष्टमीला मध्यरात्री उगवतो, म्हणून सकाळी कामाला निघताना पश्चिमेला फिकट अर्धा चंद्र दिसतो. रोज सरासरी पन्नास मिनिटे उशीर होत जातो. संकष्टीचा उपवास करणाऱ्या प्रत्येक घराला हे ठाऊक आहे. त्या दिवशी चंद्रोदयाची वाट रात्री नऊच्या आसपास का पाहावी लागते? कारण वद्य चतुर्थीला चंद्र पौर्णिमेच्या जागेवरून तीन-चार दिवसांचे अंतर पुढे सरकलेला असतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा मिनिटांनिशी छापता येतात, त्या याच भूमितीच्या जोरावर.

अनेक शिकलेल्या माणसांचाही एक गैरसमज असतो. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, असे मला डॉक्टर सहकाऱ्यांनीही सांगितले आहे. तसे नाही. अष्टमीच्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असतो आणि चंद्र डोक्यावर. पृथ्वीची सावली त्या वेळी सूर्याच्या विरुद्ध, पूर्वेकडे पडलेली असते. डोक्यावरच्या चंद्राशी तिचा संबंधच येत नाही. चंद्राचा काळा अर्धा भाग हा चंद्राचाच आहे, त्याची स्वतःची रात्र आहे. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त ग्रहणात, आणि ग्रहण होते फक्त पौर्णिमेला. दर पौर्णिमेला का होत नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. मोसंबी डोक्यापेक्षा वर धरायची ती याचसाठी.

हे ज्ञान बाहेरून आलेले नाही. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ‘आर्यभटीय’मध्ये स्पष्ट मांडले आहे, की पृथ्वी आणि ग्रह यांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळ असतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्याच छायेने काळा. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने आणि सूर्यग्रहण चंद्रामुळे होते, हेही त्यात आहे. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त (इ.स. ११५०) चंद्रकोरीची टोके कोणत्या बाजूला किती उंचावतील याचे गणित आहे. त्याला शृंगोन्नती म्हणतात. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटण येथे आहे.

आपली तिथीदेखील मुळात एक कोनच आहे. चंद्र आणि सूर्य यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. तीनशे साठ अंशांच्या तीस तिथी, आणि ते एक चांद्रमासाचे चक्र पूर्ण व्हायला सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे लागतात. चंद्राचा वेग सगळीकडे सारखा नसल्यामुळे तिथी कधी सव्वीस तासांहून मोठी होते, तर कधी वीस तासांहूनही लहान. एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपली, तर तिला क्षयतिथी म्हणतात. तिथेही कशाचा नाश होत नाही, फक्त मोजणीत ती सूर्योदयाला सापडत नाही. पंचांगकर्त्याच्या दृष्टीने अमावस्या ही तीन तिथींच्या जोडीची चौथी तिथी असावी तशी, तीसपैकी शेवटच्या बारा अंशांची एक मोजणी आहे. तिला अशुभ ठरवले ते गणिताने नव्हे, अंधाराने. रस्त्यावर दिवे नव्हते, साप-विंचू होते, चोर होते. त्या रात्री प्रवास टाळणे शहाणपणाचे होते. आज रुग्णालयात वीज आहे, आणि क्षयाचे जंतू तिथी पाहत नाहीत.

हाच प्रकाशाचा नियम ग्रहांनाही लागू आहे. पहाटे किंवा संध्याकाळी लखलखणारी शुक्राची चांदणी प्रत्यक्षात चांदणी नाही. तो दाट ढगांनी झाकलेला ग्रह आहे आणि त्याच्यावर पडलेला सुमारे तीन चतुर्थांश प्रकाश तो परतवतो, म्हणून चंद्राखालोखाल तोच तेजस्वी दिसतो. गॅलिलिओने १६१० च्या अखेरीस आपल्या लहानशा दुर्बिणीतून शुक्र पाहिला तेव्हा त्याला दिसले, की शुक्रालाही कला आहेत. कधी तो जवळजवळ पूर्ण आणि लहान दिसतो, कधी मोठी पण बारीक कोर होतो. शुक्र कायम सूर्याच्या अलीकडेच राहत असता, तर त्याचे भरलेले बिंब आपल्याला कधीच दिसले नसते. ते दिसते, म्हणजे तो सूर्याच्या पलीकडेही जातो, म्हणजे तो सूर्याभोवती फिरतो. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी असल्याच्या जुन्या कल्पनेला बसलेला हा मोठा धक्का होता.

गंमत म्हणजे शुक्र सर्वांत तेजस्वी दिसतो तो पूर्ण असताना नव्हे, तर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उजळलेला दिसतो तेव्हा. कारण त्या वेळी तो आपल्या बराच जवळ असतो. मंगळ आपल्या कक्षेबाहेर असल्यामुळे त्याची कोर पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. फार तर तो एकादशी-द्वादशीच्या चंद्रासारखा किंचित चपटा दिसतो. गुरू इतका दूर आहे, की आपल्यासाठी तो कायमच पौर्णिमेचा. शुक्राचा किंवा गुरूचा ‘अस्त’ म्हणून काही आठवडे लग्ने थांबतात, तेव्हाही तो ग्रह कुठे गेलेला नसतो. आपल्याकडून पाहताना तो सूर्याच्या दिशेला आल्याने उजेडात लपलेला असतो. अमावस्येचेच हे दुसरे रूप.

आणि चंद्रावरून पाहिले, तर पृथ्वीलाही कला आहेत, अगदी उलट क्रमाने. आपल्याकडे अमावस्या असते तेव्हा चंद्राच्या आपल्याकडील बाजूवर रात्र असते आणि तिथल्या आकाशात पूर्ण भरलेली पृथ्वी. शुद्ध द्वितीया-तृतीयेला कोरीबरोबर चंद्राचा उरलेला काळा भागही मंद राखाडी दिसतो, तो याच पृथ्वीच्या उजेडाने. लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी याचा उलगडा केला होता. आपल्या चांद्रयान-३ नेही हेच गणित पाळले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी, श्रावण शुद्ध सप्तमीला, विक्रम उतरला तो उतरण्याच्या जागी सकाळ होत असताना. कारण त्याला सौरऊर्जेवर चालण्यासाठी पृथ्वीवरच्या सुमारे चौदा दिवसांएवढा चंद्रावरचा एक दिवस हाताशी हवा होता. तिथे तिथीला महत्त्व होते, पण सूर्य कुठे आहे एवढ्यापुरतेच.

आता माझ्या क्षेत्रातल्या शंकांकडे येते. पहिली नेहमीची : ‘‘शरीरात एवढे पाणी आहे, समुद्राला भरती येते, मग माणसाला का नाही?’’ समुद्राला भरती येते कारण तो हजारो किलोमीटर पसरलेला आहे आणि पृथ्वीच्या एका बाजूला चंद्राची ओढ दुसऱ्या बाजूपेक्षा थोडी जास्त असते. गावच्या विहिरीला भरती येत नाही, तळ्याला दिसण्याजोगी येत नाही, मग साडेपाच फुटांच्या माणसाला कुठून येणार? शिवाय कोकणातला कोणताही मच्छीमार सांगेल, की उधाण अमावस्येलाही येते आणि पौर्णिमेलाही, भांगाची भरती दोन्ही अष्टम्यांच्या सुमारास. ओढीचा विचार केला, तर अमावस्या आणि पौर्णिमा या जुळ्या बहिणी आहेत. एकीला अशुभ आणि दुसरीला शुभ म्हणण्याला समुद्राचा पाठिंबा नाही. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,६३,००० ते ४,०५,००० किलोमीटर अंतरांत पुढेमागे होत असतो, पण ते अंतर तिथीवर ठरत नाही.

दुसरी शंका पौर्णिमेची. त्या रात्री बाळंतपणे वाढतात, वेड उसळते, असे आमच्या परिचारिकाही म्हणतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९७ ते २००१ या काळातल्या ६२ चांद्रचक्रांमधली ५,६४,०३९ बाळंतपणे तपासली गेली. जन्मांच्या संख्येत किंवा गुंतागुंतीत चंद्रकलेनुसार फरक आढळला नाही. मग आपल्याला तसे का वाटते? धावपळीच्या रात्री कोणीतरी खिडकीतून पूर्णचंद्र पाहतो आणि ती रात्र लक्षात राहते. सप्तमीची धावपळ कोणी मोजत नाही. झोपेबद्दल मात्र एवढे मान्य करायला हवे : पौर्णिमेच्या आसपास झोप थोडी कमी होते, असे काही अभ्यासांत दिसले, काहींत दिसले नाही. ज्या रात्री उजेड जास्त, त्या रात्री माणूस उशिरा झोपेल, हे समजण्यासारखे आहे. पण त्यातून औषधाची तारीख ठरत नाही.

तिसरी बाब ग्रहणाची, आणि ती सर्वांत जास्त नुकसान करते. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री संपूर्ण भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसले. दहाच्या सुमारास ते लागले आणि अकरानंतर चंद्र तांबूस झाला. त्याच वेळी आमच्याकडे एक आजी बेशुद्ध अवस्थेत आल्या. मधुमेह, सायंकाळी नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतलेले, पण वेध म्हणून दुपारपासून पोटात अन्न नाही. रक्तातली साखर घसरली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत डोळे उघडले. घरातल्यांना वाटले ग्रहणाने गाठले. गाठले होते उपाशी पोटाने. पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेला लालसर सूर्यप्रकाश त्या वेळी चंद्रावर पडत होता, पृथ्वीवरच्या साऱ्या सूर्योदय-सूर्यास्तांचा उजेड एकत्र झाल्यासारखा. तो रंग पाहायला साधे डोळे पुरतात, अपाय होत नाही.

गर्भवतीने ग्रहणात भाजी चिरली तर बाळाचा ओठ फाटलेला होतो, हे मी अजून ऐकते. बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेच्या पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो. तो न जुळण्यामागे आनुवंशिकता, काही औषधे, आईचे धूम्रपान अशी कारणे असतात, सावली नव्हे. उलट आठ-नऊ तास पाण्याशिवाय, एका जागी न हलता बसवलेली गर्भवती खरोखर अडचणीत येते. पंचांगातही बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना वेधात सवलत दिलेली असते, ती आपण वाचत नाही. ग्रहणात खरी काळजी घ्यायची ती एकच : सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये. २ ऑगस्ट २०२७ रोजी, दिव्यांच्या अवसेलाच, भारताच्या बऱ्याच भागांतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. त्या वेळी खात्रीचा सौरचष्मा हवा, साधा गॉगल किंवा जुना एक्स-रे नको. दृष्टिपटल भाजले तर ते दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही.

हे सगळे लिहिताना कोणाच्या श्रद्धेला हात लावायचा माझा हेतू नाही. संकष्टी करा, कोजागरी जागवा, दिव्यांच्या अवसेला दिवे घासून पुजा. मीही पुजते. उपवासाच्या दिवशी औषधाची गोळी पाण्याबरोबर घेतल्याने उपवास मोडत नाही, असे बहुतेक घरांतली वडीलधारी माणसेच सांगतात. माझे मागणे एवढेच आहे, की उपचाराची तारीख आजाराने ठरवावी, तिथीने नव्हे.

आणि हे मागणे आधी आम्हा डॉक्टरांकडे आहे. अमावस्येला शस्त्रक्रियांची यादी छोटी होते, याला एकटे रुग्ण जबाबदार नाहीत. ‘उद्या अमावस्या आहे, परवा करू’ असे अनेकदा आम्हीच आधी सुचवतो. मुहूर्त काढून आणलेली सिझेरियनची वेळ आम्ही निमूटपणे मान्य करतो. वाद घालायला वेळ नसतो, हे मी स्वतःवरून सांगते. पण वाद घालायची गरजही नसते. आषाढातल्या त्या अनुभवानंतर माझ्या टेबलाच्या खणात एक टॉर्च आणि रबरी चेंडू असतो. कोणी अमावस्येचे नाव काढले, की मी चेंडूवर टॉर्च मारते आणि तो आपल्याभोवती फिरवायला कोणाला तरी सांगते. दोन मिनिटे लागतात. सगळेच पटवून घेतात असे नाही, पण बरेच जण हसून औषधाचा कागद पुढे करतात. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि विज्ञानाचे शिक्षक यांच्या हाती हा चेंडू गेला, तर आमचे काम आणखी हलके होईल.

क्षयाबाबत तर ही घाई फार मोलाची आहे. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केला, तेव्हापासून हा रोग शाप राहिलेला नाही. नेहमीच्या क्षयावर सहा महिन्यांचे नियमित औषध पुरते, ते शासकीय केंद्रात मोफत मिळते. सरकारच्या क्षयनियंत्रणाच्या नोंदणी व्यवस्थेचे नावही ‘निक्षय’ आहे. औषध लागू पडले, की साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता बरीच घटते. दोन आठवडे म्हणजे एक पक्ष. माझ्या त्या रुग्णाने अमावस्येच्या आदल्या दिवशी पहिली गोळी घेतली असती, तर नारळी पौर्णिमेला बहिणीने राखी बांधली तेव्हा तिची मुलगी त्याच्या शेजारी बरीच निर्धास्त बसली असती.

त्याचे सहा महिने पुरे झाले तेव्हा तो आईला घेऊन शेवटच्या तपासणीला आला. वजन सात किलोंनी वाढलेले. थुंकी स्वच्छ. मी आईला विचारले, ‘‘मावशी, आज तिथी कोणती?’’ तिला आठवेना. मलाही माहीत नव्हती. आम्ही कागदावर फक्त तारीख लिहिली.